जालीम जंगूची राहिलेली कुस्ती

हनुमान जयंतीला रुक्मिणीबाई देवळात निघाल्या तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत नारळ होता, रुईच्या पानांची माळ होती आणि तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, पिवळ्या साटीनचा एक मुखवटा होता. नवऱ्याला त्यातला नारळ आणि माळ एवढंच ठाऊक होतं.

"अगो, चल ना बिगीबिगी," दशरथराव दारातून म्हणाले. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला शेंदूर, मिशीला चक्क तेल लावलेलं. "पावणा मी, आणि उशीर माझोच!"

आज ते खरंच पाहुणे होते. कांदिवलीतल्या मारुतीच्या देवळाला लागूनच जुनी व्यायामशाळा आहे. तिचा सेक्रेटरी हर्षद यानं महिन्याभरापूर्वी माळा साफ करताना एक फाटकं पोस्टर शोधून काढलं होतं. 'नकाबपोश बिजली विरुद्ध जालीम जंगू. शेवटचा फैसला. घाटकोपर.' तो ते घेऊन थेट यांच्याकडेच आला. "काका, हा जंगू म्हणजे तुम्ही ना? मग हनुमान जयंतीला या. त्या कुस्त्यांच्या आठवणी सांगा."

दशरथराव तळवडेकर तरुणपणी मिलमध्ये होते आणि सुट्टीच्या दिवशी कुस्त्या करायचे. आखाड्यातल्या लाल मातीतल्या नाहीत. चारी बाजूंनी दोर बांधलेल्या चौथऱ्यावरच्या, तिकीट लावून होणाऱ्या, निकाल आधी ठरलेल्या. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, मिळेल त्या मैदानावर. हे खेळ विद्याधर वस्ताद उभे करायचे. कोण हिरो, कोण व्हिलन, कोण कितव्या मिनिटाला पडणार, सगळं वस्ताद ठरवायचे. दशरथचा रंग काळा, मिशी झुपकेदार, म्हणून तो व्हिलन. पण नावाशी वस्ताद अडले. "रामाच्या बापाचं नाव व्हिलनला? नको रे बाबा, मारुती कोपायचा," म्हणाले, आणि दशरथचा जालीम जंगू झाला.

हिरो होता नकाबपोश बिजली. त्याचा चेहरा आजवर कुणी पाहिला नव्हता. कारण साधंच होतं. अनंत करमरकर बँकेत कारकून होता, आणि रविवारी चड्डी घालून उड्या मारतो हे साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून मुखवटा. तो मुखवटा रुक्मिणीबाईंनी शिवला होता, त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. कपाळावर लाल विजेची खूण घातली. डोळ्यांची भोकं मात्र वरखाली झाली. त्यामुळे अनंताला एका डोळ्यानं नीट दिसायचं नाही, आणि अंधेरीच्या पहिल्याच कुस्तीत त्यानं दोरावरून मारलेली उडी वीतभर चुकून थेट दशरथच्या बरगडीवर आली.

"वहिनी, तुमच्या शिलाईनं तुमचाच नवरा मोडला," अनंत नंतर हसत म्हणायचा. लोक म्हणायचे या कुस्त्या खोट्या. दशरथ वाद घालायचा नाही. फक्त म्हणायचा, "पडणां ठरलेला असता. जमीन खरीच असता."

दुसरी कुस्ती मुलुंडला. बिजली हरला तर मुखवटा काढायचा, जंगू हरला तर मिशी. जंगूचा ठेवणीतला डाव म्हणजे मूठभर मीठ. पंचाची पाठ वळली की चड्डीच्या पट्ट्यातून काढायचं आणि बिजलीच्या डोळ्यांत फेकायचं. त्या दिवशी मैदानातल्या बायका अक्षरशः रडल्या. पण शेवटी बिजली उठला, जंगू पडला, आणि भर चौथऱ्यावर न्हाव्यानं जंगूची मिशी उतरवली. लोकांनी टोप्या उडवल्या.

नेमके दुसऱ्या दिवशी दशरथचे वडील गावाहून आले. दारात मिशी काढलेला मुलगा. आपल्यात बाप गेला की मुलगा मिशी काढतो. म्हातारा तिथेच मटकन खाली बसला. "अरे मेल्या, मी जित्तो आसंय आणि तू मिशी काढलंस?" शेजारच्या बायका सांत्वनाला आल्या त्या वेगळ्याच. त्यांना वाटलं, सासरा गेला आणि हा म्हातारा त्याचा भाऊ असावा. रुक्मिणीबाईंनी सगळ्यांना चहा करून वाटेला लावलं, आणि मग आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसल्या.

बाकी दिवस मात्र हसण्याचे नव्हते. नळावर बायका त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. "बिजलीच्या डोळ्यांत मीठ टाकतो तुझा नवरा. तू काय घालतेस त्याला खायला?" देवळात एक आजी तर म्हणाली, "सांग गं त्याला, पाप लागेल." रुक्मिणीबाई मान खाली घालून प्रदक्षिणा पुऱ्या करायच्या. कुस्तीलाही जायच्या त्या बायकांच्याच घोळक्यात. सगळ्या "बिजली, बिजली" करून ओरडायच्या आणि या हातातली पर्स घट्ट धरून गप्प बसायच्या. जंगूच्या नावानं कुणी कधी ओरडलं नाही. एकदाही नाही. मारुतीराया, त्यांनी तेव्हा मनात म्हटलं होतं, तुला तर सगळं ठाऊक आहे ना?

आणि ती आण. ती याच मारुतीपुढची. विद्याधर वस्तादांनी दशरथ आणि अनंताला समोर बसवून नारळावर हात ठेवायला लावला होता. शेवटची कुस्ती होईस्तोवर चारचौघांत एकत्र दिसायचं नाही, हातात हात घ्यायचा नाही, एका पंगतीला बसायचं नाही. दुश्मनी लोकांना खरी वाटली पाहिजे. तिसऱ्या कुस्तीची, घाटकोपरच्या फैसल्याची, पोस्टरं लागली. कोण जिंकणार ते वस्ताद त्याच दिवशी सांगणार होते. आठवडाभर आधी वस्तादच गेले. हृदय बंद पडलं. खेळ रद्द झाला आणि पुन्हा कुणी उभा केला नाही.

खेळ संपले, पण शेवटची कुस्ती झाली नव्हती. म्हणजे आण तशीच राहिली.

दुसऱ्या कुणी ती केव्हाच विसरून टाकली असती. दशरथरावांनी पाळली. मिल बंद पडली, ते शाळेत शिपाई झाले, अनंतरावांना बढत्या मिळाल्या, मुलांची लग्नं झाली, तरी पाळली. अनंतराव बोरिवलीला राहायचे. दोघं तिथल्या बागेत रोज भेटायचे ते पाठीला पाठ लावलेल्या दोन बाकांवर बसून, तोंडं विरुद्ध दिशांना करून. बघणाऱ्याला वाटावं, दोन म्हातारे एकेकटे बडबडताहेत. तळवडेकरांच्या मुलाच्या लग्नात अनंतराव आचाऱ्याच्या तंबूत भांड्यांच्या आडोशाला जेवले.

बायकांनी कुठे आण घेतली होती? रुक्मिणीबाई आणि अनंतरावांची पद्मजा बोरिवलीच्या भाजीबाजारात भेटायच्या, एकमेकींना डबे द्यायच्या. तिथेच एके दिवशी मेथीची जुडी निवडता निवडता पद्मजा म्हणाली, "रुक्मिणी, आमची बिल्डिंग पाडायला घेतायत. आम्ही लेकाकडे, मुकुलकडे, नाशिकला जातोय. आता तिकडेच."

रुक्मिणीबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. "कधी?"

"हनुमान जयंती झाली की. ह्यांनी सांगितलं नाही अजून तुझ्या ह्यांना. जीभ रेटत नाही म्हणतात." पद्मजा थांबली. "एकदा शेजारी बसून जेवायचं होतं गं ह्यांना. पण दशरथभाऊ आण मोडायचे नाहीत."

"ते मरतील पण मोडायचे नाहीत," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्या रात्रभर विचार करत होत्या. सकाळी दिवा लावताना त्यांच्या मनात आलं, मोडायची कशाला? पुरी करू. आणि पद्मजाला फोन करून म्हणाल्या, "तो मुखवटा आहे ना अजून? माझ्याकडे पाठव. डोळ्याचं भोक नीट करायचं राहिलंय."

हनुमान जयंतीच्या सकाळी सूर्योदयाला मारुतीचा जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला गेला. मग व्यायामशाळेत सतरंज्या घातल्या. पुढे पोरंटोरं, मागे म्हातारी माणसं. दशरथराव स्टेजवरच्या खुर्चीत अवघडून बसले होते. हर्षदनं माईक दिला. सुरुवातीला ते अडखळले, पण मुलुंडच्या मिशीपाशी आले आणि रंगले. वडिलांची गोष्ट सांगितली तेव्हा पोरं गडाबडा लोळली.

"काका, आता एकच," हर्षद म्हणाला. "बिजली कोण होता? आता सांगायला काय हरकत आहे?"

"ता बिजलीक इचार," दशरथराव म्हणाले. "माका नाय."

रुक्मिणीबाईंनी मागे वळून पाहिलं. दारापाशी पद्मजानं, सकाळी त्यांनीच गुपचूप हाती दिलेल्या मुखवट्याची गाठ अनंतरावांच्या डोक्यामागे बांधली आणि त्यांना पुढे ढकललं.

सतरंज्यांच्या मधून एक म्हातारा काठी टेकत आला. अंगात बुशशर्ट, पायात चामड्याच्या चपला आणि तोंडावर पिवळ्या साटीनचा मुखवटा. पोरं माना वळवून बघू लागली. मग मागच्या म्हाताऱ्यांतून एक आरोळी उठली, "बिजली!" आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं मधे गेलीच नाहीत असं झालं. टाळ्या, शिट्ट्या. एक आजी तर गुडघ्यांवर उठून ओरडली, "ए जंगू! हात लावू नकोस हां त्यांना! काठी आहे त्यांच्या हातात!"

दशरथराव उभे राहिले होते. "अन्या?" एवढंच ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"घाटकोपरची कुस्ती राहिल्ये," मुखवट्यातून आवाज आला. "माझे गुडघे गेलेत. पंजा लढवशील?"

हर्षदनं टेबल आणलं. पंजे जुळले. त्या पंजांमागची गोम रुक्मिणीबाईंना ठाऊक होती. चौथऱ्यावर या दोघांची एक खूण असायची. अंगठ्यानं मनगट दाबलं की त्याचा अर्थ, मी पडतोय, तू पाड. आज त्यांनी बघितलं, अनंतरावांचा अंगठा दाबला गेला. आणि लगेच दशरथरावांचाही.

दोन्ही हात मधोमध उभेच. कुणी कुणाला पाडेना. दोघांनीही जन्मभर एकमेकांसाठी पडायचं शिकलेलं. आता दोघेही हरायला बसलेले.

"अरे दशा, पाड ना," अनंतराव मुखवट्यातून कुजबुजले.

"तू हिरो. हिरो पडता काय?"

"वस्तादांनी निकाल कुठे सांगितला होता?"

"म्हणान काय झाला? पाड माका, मी पडतंय."

पोरांना काहीच कळेना. त्यांना वाटलं जबरदस्त टक्कर चाललीय. "बिजली! बिजली!" सगळी व्यायामशाळा दुमदुमली. रुक्मिणीबाई मधे बसल्या होत्या. हात पर्सवर घट्ट, नेहमीसारखे. त्यांना नळावरच्या बायका आठवल्या, ती पाप लागेल म्हणणारी आजी आठवली. मग समोरच्या दारातून देवळातला शेंदरात न्हालेला मारुती दिसला. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ओरडल्या.

"जंगू! जंगू!"

आवाज चिरकला. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. पद्मजा मागून ओरडली, "जंगू!" मग पुढची पोरं. पोरांना काय, नवं नाव मिळालं. "जंगू! जंगू!"

दशरथरावांनी मान वर केली. आपलं नाव ओरडतंय कोण, म्हणून शोधू लागले. बायकोचं तोंड लाल झालेलं दिसलं आणि ते खुदकन हसले. कसलाही विचार न करता त्यांच्या हातानं आपसूक जोर लावला. अनंतरावांचा पंजा टेबलाला टेकला.

मागची आजी म्हणाली, "मीठ टाकलं असणार मेल्यानं!"

अनंतरावांनी स्वतःच गाठ सोडली. मुखवट्याखालून घामेजलेला, हसरा, चष्म्याच्या खुणा उमटलेला चेहरा निघाला. हर्षद तर ओरडलाच, "अहो, हे बँकेतले करमरकर काका! माझ्या बाबांचं खातं तुम्हीच उघडलंत ना!"

"म्हणून तर मुखवटा होता रे," अनंतराव म्हणाले.

दशरथरावांनी चपला काढल्या. पिशवीतला नारळ बायकोकडून घेतला आणि देवळात जाऊन मारुतीपुढे उभे राहिले. गावी देवापुढे गाऱ्हाणं घालतात तसं, मोठ्यानं. "बा मारुतीराया, तुज्या दारात वस्तादान दिलेली आण आज पुरी झाली. शेवटची कुस्ती झाली. आता आमका दोघांका एका पंगतीक बसाची मोकळीक दी रे म्हाराजा!"

कोकणातले म्हातारे मागून एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. मग अनंतराव त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. नाशिकचंच असणार. दशरथरावांनी नारळाची दोन्ही शकलं उचलली. मग एक शकल त्यांनी मित्राच्या हातात दिलं आणि तो हात सोडलाच नाही. सगळ्यांसमोर, तसाच धरून त्याला पंगतीकडे नेलं.

अनंतरावांना खाली बसता येईना, म्हणून हर्षदनं टेबल लावलं. शेजारीशेजारी दोन पत्रावळी. रुक्मिणीबाई आणि पद्मजा वाढायला पुढे झाल्या. पद्मजा मीठ वाढत पुढे गेली. दशरथरावांनी भाजी कशी झालीय ते न बघताच पत्रावळीच्या कोपऱ्यातल्या मिठाकडे हात नेला.

अनंतरावांनी पटकन डोळे मिटले.

मग एक डोळा हळूच उघडला, तर सगळी पंगत हसत होती. रुक्मिणीबाईंना हसता हसता पातेलं खाली ठेवावं लागलं. दशरथराव चिमूटभर मीठ बोटांत धरून, मिशीला पीळ देत, जालीम जंगूसारखे डोळे वटारून बसले होते.

"नाशकाक येतलंय मी," ते म्हणाले, आणि मीठ आपल्या वरणभातावर टाकलं. "आता कोणाक घाबराचा नाय. जेव."