आरसा निवू दे

कूलरची घरघर ऐकू येते तोवर आपण जागे, अशी हेमलताबाईंची व्याख्या आहे. ती घरघर आता मधूनच तुटते, पुन्हा जुळते. अमरावतीतली वैशाखाची दुपार, खिडक्यांना काळा कागद लावलेली कार्यशाळा, आणि खोलीच्या पार टोकाला स्टँडवर उभा असलेला दुर्बिणीचा आरसा.

खोडके सरांचा हा शेवटचा आरसा. सर हिवाळ्यात वारले आणि चकाकी अपुरी राहिलेली ही काच त्यांच्या विद्यार्थिनीकडे आली. आज हेमलताबाईंनी तिला हाताने चकाकी दिली, लगेच तिच्यावर बारीक दिवा टाकून, परतणारा प्रकाश दाढीच्या पात्याआडून पाहत तपासले, तर मध्यभागी उंचवट्याची सावली! सरांनी साधलेला गोलावा आपण बिघडवला. निर्णय झाला आहे: ऊन उतरले की भरड पूड घेऊन काच मुळापासून घासायची. सरांच्या हातचे काही उरणार नाही. पण चूकही उरणार नाही.

कूलर थांबतो.

"काय हेमलता, माझा आरसा मोडीत काढतेस म्हणे?"

खोडके सर स्टुलावर बसले आहेत. अंगठा पॉलिशच्या पुडीने लाल, नेहमीसारखा. हेमलताबाईंना आश्चर्य वाटत नाही, याचेच थोडे वाटते.

"सर, तुम्ही वारलात."

"मान्य. पुढचा मुद्दा?"

"आरसा मी बिघडवला. आत्मपरीक्षण केलं. कसूर माझीच."

"आत्मपरीक्षण! मोठा शब्द काढलास, बाप्पा."

खोली आता कॉलेजचा परीक्षा-हॉल आहे. बाकाबाकावर उत्तरपत्रिकेच्या जागी एकेक आरसा, आणि सर रांगांतून फिरत आहेत. ज्याची चाचणी सांगता येत नाही तो शब्द ते वर्गात वापरू देत नसत.

"आत्मचिंतन म्हणजे?"

"स्वतःविषयी विचार करणं."

"ते आरामखुर्चीतही जमतं. आत्मनिरीक्षण?"

"स्वतःकडे पाहणं. मत न देता."

"आणि परीक्षण?"

"पाहून झाल्यावर निर्णय देणं."

"पाहून झालं, हे कशावरून ठरवलंस?"

हेमलताबाई बाकावरच्या आरशात वाकून पाहतात.

"तू केलीस ती आत्मनिंदा, बाई. तिला चाचणी लागत नाही, म्हणून ती लवकर आटोपते."

हेमलताबाईंना हसू येते. याच माणसाने एकदा भरवर्गात स्वतःची सिद्धता खोडून काढली होती, तीही हवामान सांगावे इतक्या शांत आवाजात. त्या शांतपणाइतके नितळ काही त्यांनी पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत पाहिले नाही.

शेवटचे बाक ओलांडले की चिखलदऱ्याचे पठार. गारठा आहे. आरसा गवतात उभा आहे आणि सर वाकून त्याच्या कडेजवळ अंगठा टेकवतात.

"सर, काच!"

"थांब न. आता बघ."

हेमलताबाई दाढीच्या पात्याआडून परतीचा प्रकाश पाहतात. अंगठा होता तिथे एक टेकडी उभी आहे, सावलीसकट. ती पाहता पाहता खचत जाते आणि काच सफाईने वळते.

"हाताच्या उबेनं फुगली होती," सर म्हणतात. "चकाकी दिल्यावर तू काच निवू दिलीस?"

"नाही."

"माझ्याच वर्गात बसत होतीस ना? का नाही दिलीस?"

"भीती वाटली. तुमचा आरसा होता."

"मग उंचवटा काचेचा की तुझ्या हाताचा, हे तुला ठाऊक नाही. सध्या एवढंच म्हण. याहून जास्त म्हणू नको."

कूलर घरघरतो. वीज आली आहे.

हेमलताबाई डोळे चोळतात. स्वप्नाने नवे काहीच सांगितलेले नाही. अंगठ्याचा हा प्रयोग त्या स्वतः वर्गात मुलांना दाखवत आल्या आहेत. भीतीने झाकलेली माहिती मेंदूने सरांच्या आवाजात परत दिली, इतकेच. त्या पात्याला डोळा लावतात.

मधला उंचवटा नाही. गोलावा सलग आहे, सरांच्या हातचा, अखंड. त्या बराच वेळ श्वास धरून पाहतात. मग दिसते: कडेजवळ अंगठ्याएवढी एक टेकडी, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत खचते आहे.

खोलीतला दिवा लावून त्या आरशापाशी जातात. टेकडी होती तिथे लाल ठसा आहे. त्यांचे हात मात्र धुतलेले, कोरडे. झोपेत उठून, पुडीत बोट घालून, आपणच काचेला हात लावला असावा. सर्वांत साधे स्पष्टीकरण ते आहे, आणि त्या ते स्वीकारतात.

भरड पुडीचा डबा त्या झाकण लावून फळीवर ठेवतात. ठसा पुसायला बोळा उचलतात आणि काचेपाशी नेऊन थांबतात.

आधी निवू दे.