मोरेश्वरचा रविवारचा वर्ग

मोरेश्वर गेल्याची बातमी मला कुणी कळवायची गरज पडली नाही. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो, हातात जिलेबीची प्लेट होती. मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन, दुपारची जेवणं नुकतीच आटोपलेली. तो खुर्चीवरून उठला, माझ्याकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसाच फरशीवर कोसळला. याला आता सहा आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, वसंतराव, राग सोडा. मी सोडणार नाही. हे मी रागातच लिहितो आहे.

तुमसरकडचा हा माणूस आणि मी एकाच वर्षी भिलाईला आलो. तो पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायला, मी कारकून म्हणून. क्वार्टरही शेजारी-शेजारी मिळाले, मधे फक्त मेंदीचं कुंपण. बाजारात हिंदी, कारखान्यात हिंदी, आमची पोरंसुद्धा अंगणात हिंदीतच भांडायची. मराठी उरली होती स्वयंपाकघरात आणि मोरेश्वरच्या तोंडी, तीही मोजकीच. वीस वर्षं जमिनीपासून उंच, केबिनमध्ये एकटा बसलेल्या माणसाला गप्पांची सवय राहत नाही.

एकदा दिवसपाळीला कारखान्यातल्या त्याच्याच विभागातला साहू नावाचा इलेक्ट्रिशियन शॉक लागून पडला. मोरेश्वरने ते वरून पाहिलं. तो शिडी उतरून खाली येईपर्यंत गर्दी जमली होती आणि साहूचा श्वास थांबला होता. मोरेश्वरने आधी करंट बंद झाल्याची खात्री करून घेतली, मग साहूला उताणं निजवून गुडघ्यांवर बसला, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवले आणि दाबायला लागला. मधेमधे तोंडाने श्वास देत होता. कारखान्याच्या फर्स्ट-एडच्या वर्गात शिकला होता तो हे. ॲम्ब्युलन्स येईस्तोवर थांबला नाही. साहू वाचला. महिन्याभराने नारळ घेऊन घरी आला आणि पाया पडायला लागला. "आप मेरे भगवान हो." मोरेश्वर चक्क चिडला. "भगवान-वगवान कुछ नहीं. एक दिन में सीखते बनता है. तू भी सीख."

मग त्याच्या मनाने घेतलं की सगळ्यांनीच शिकायला पाहिजे. मंडळाच्या हॉलमध्ये त्याने दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी अकरा जण आले, दुसऱ्या रविवारी चार. बायकांना तर कुणी पाठवलंच नाही. 'तोंडाले तोंड लावणारा मास्तर' असं नाव पडलं त्याचं, आणि ते त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने घेतलं जायचं. मंडळाचे अध्यक्ष त्याला सर्वांसमोर म्हणाले, "मोरेश्वरभाऊ, हे दवाखान्याचं काम हाय. तुमी कावून डॉक्टर बनून राहिले?" मी मात्र जात होतो. मित्र ना मी! मागच्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचो. तो हाक मारायचा, "वसंता, ये ना, करून पाय." मी म्हणायचो, "पाहून समजलं मले. तू चालू दे." दोन महिन्यांत वर्ग बंद पडला.

त्याच वर्षी गणपतीच्या जेवणात एका चार वर्षांच्या पोरीच्या घशात खोबऱ्याचा तुकडा अडकला. तिला रडताही येईना, खोकताही येईना, ओठ निळे पडले. आई बिचारी तिच्या तोंडात पाणी ओतत होती. मोरेश्वरने पोरीला उचललं, डोकं खाली येईल अशी मांडीवर पालथी घेतली आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ठोके द्यायला लागला. तेवढ्यात बाप धावत आला. त्याला एवढंच दिसलं की कुणीतरी आपल्या लेकीला मारतो आहे. त्याने मोरेश्वरच्या कानाखाली लगावली. मोरेश्वर थांबला नाही. पुढच्या ठोक्याला तुकडा बाहेर पडला आणि पोरगी किंचाळून रडली. बाप तिला उचलून घरी घेऊन गेला, शब्दही न बोलता… पुढेही कधी बोलला नाही. मी म्हटलं, जाऊन जाब विचार त्याला. मोरेश्वर कान चोळत म्हणाला, "रडली ना थे पोरगी? बस झालं."

तर असा माणूस त्या दुपारी आमच्या पायांपाशी पडला होता. कुणीतरी त्याला धरून बसतं केलं. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी स्वयंपाकघरातून कांदा फोडून आणला. दोघं तळपाय चोळत होते. "हवा येऊ द्या" असं सगळेच ओरडत होते आणि कुणीच मागे सरकत नव्हतं. त्या पोरीचा बाप पाण्याचा ग्लास घेऊन आला. मोरेश्वरने दोन-तीनदा आचके दिले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, श्वास चालू आहे, आणि आम्हाला हायसं वाटलं! तो श्वास नव्हता, हे मला आता माहीत आहे. दवाखान्यात न्यायला एकच जीप होती, तिचा ड्रायव्हर पावर हाउसच्या बाजारात गेला होता, त्याची वाट पाहण्यात वेळ गेला. आणि मी? मी त्याच्या चपला शोधत होतो.

दवाखान्यात तपासून झाल्यावर एका तरुण डॉक्टरने विचारलं, "किसी ने छाती दबाई थी?" आम्ही सहा जण उभे होतो.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, देवापुढे कुणाचं चालते? मी उठलो. "देवाले मधात आणू नका. याच हॉलमध्ये त्यानं आपल्याले शिकवलं. आपण हसलो." मला हात धरून खाली बसवलं. छाती दाबली असती तर तो वाचलाच असता, असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण नुसत्या तोंडओळखीच्या साहूला त्याने जी संधी दिली, ती आम्ही त्याला दिली नाही. तेरवी झाल्यावर मोरेश्वरच्या बायकोने, शीलावहिनींनी मला कुंपणापाशी थांबवून शांतपणे विचारलं, "भाऊजी, तुमी तर जात होते ना त्यायच्या वर्गाले?" त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात मी कारखान्याच्या फर्स्ट-एडच्या वर्गाला नाव दिलं. शिकवणारे केरळचे, निवृत्तीला आलेले. मी मोरेश्वरचा शेजारी म्हटल्यावर त्यांनी खिडकीजवळच्या पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं. "उधर बैठता था. हर साल आता था. मैं बोला, तुमको तो आता है. बोला, हाथ भूल जाते हैं, सर."

मी त्याच बाकावर बसलो. मग जमिनीवर ठेवलेल्या रबरी पुतळ्याशेजारी गुडघे टेकून छाती दाबायला लागलो. दोन मिनिटांत दंड थरथरायला लागले, बनियन घामाने भिजलं. धापा टाकत मी विचारलं, एकट्या माणसाने हे किती वेळ करायचं?

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "अकेला क्यों करेगा? थक गया तो बगलवाला करेगा. फिर उसका बगलवाला. जितना आदमी, उतना अच्छा."

त्या दुपारी हॉलमध्ये आम्ही पन्नास जण होतो.