अस्वलाच्या पोटातले दोन गोल

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात टोरोंटोच्या एका बागेत चित्रांचा बाजार भरला होता. तिथे अनिशिनाबे या तिथल्या आदिवासी समाजातल्या एक चित्रकार बाई भेटल्या. त्यांचे मासे, पक्षी, अस्वलं, सगळे जाड काळ्या रेघांचे आणि पोट जणू काचेचं! आतलं सगळं दिसतंय. त्यांच्या पूर्वजांच्या भूर्जसालींवरच्या चित्रांतून ही रीत आलेली.

"कातडी काय, कॅमेऱ्यालाही दिसते," बाई म्हणाल्या.

मी ताबडतोब छाती पुढे काढून उभा राहिलो. "मला अस्वल करा!"

बायको भाजी घ्यायला गेली होती. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलेलं, म्हणून ती संधी साधून मी बाईंच्या डोळ्यांदेखत शेजारच्या स्टॉलवरचे दोन बटर टार्ट, म्हणजे लोणी-साखरेच्या सारणाच्या गोल पिवळ्या वाट्या, गट्टम केले होते. बाई रंगवताना हसत होत्या. खांदे गदगदा हलत होते, ब्रश मात्र जराही नाही.

अस्वल झकास झालं. छातीत लालभडक हृदय आणि पोटात दोन पिवळेधमक गोल. तेवढ्यात बायको आली.

"अहो, पोटात हे काय?"

"सूर्य आणि चंद्र," मी गंभीर आवाजात म्हणालो. "यांच्या संस्कृतीत फार खोल अर्थ आहे त्याला."

बायकोने बाईंकडे पाहिलं. मी बाईंना डोळ्यांनी गयावया केली. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि त्या चंबूनेच टार्टचा स्टॉल दाखवला.

चित्र बायकोने विकत घेतलं, घासाघीस न करता. माझं इतकं हुबेहूब चित्र पुन्हा कुणी काढलेलं नाही.