यादीतलं सहावं काम
परवा गॅरेजवाल्यानं गाडीच्या रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट ओतलं, तो गोडसर वास आला आणि शेजारच्या चाचींची मांजर आठवली. त्या उन्हाळ्यात जानेफळला लग्नाला निघायच्या आधी मी मेकॅनिकला घरीच बोलावलं होतं. "ताई, जुनं कूलंट कशात काढू?" त्यानं विचारलं, तर मांजरा-पाखरांसाठी दाराशी पाण्याचं घमेलं असायचं, तेच मी रिकामं करून पुढे सरकवलं. "लवकर फेका बरं, गोड असते हे, जनावर पेते अन् मरते," असं त्यानं जाताना बजावलंही. मी ते यादीत सहावं काम म्हणून लिहिलं आणि पाचवं करायला आत गेले. लिहिलं की काम झालंच, असं मला वाटतं. बाहेर आले तेव्हा घमेल्यातलं कूलंट कमी झालं होतं आणि मांजर अंगणात झोकांड्या खात होती. "इले ऊन लागलं काय वो बाई?" चाचींनी घाबरून विचारलं. गुरांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहायचे. तेव्हाच खरं बोलले असते, तर कदाचित ती वाचली असती. "हाव, ऊनच असन," मी म्हणाले, आणि चाची वळताच घमेलं रिकामं करून घासलं. तिसऱ्या दिवशी मांजर मेली. आठवड्यानं चाची मातीचं नवं भांडं घेऊन माझ्या दारात आल्या. "तुमच्याच दारी पानी पेत होती बिचारी. आता पाखरं तरी पेतीन." ते भांडं मी अजून रोज भरते, चाचींना खरं सांगायचं, हे मात्र कुठल्याच यादीत लिहायची हिंमत झालेली नाही.