उपासाची द्राक्षं
परवा सुनेनं मिरच्यांवर व्हिनेगर ओतलं आणि तो आंबट वास नाकात शिरताच मला सदर भागातलं ते तेव्हा नवं असलेलं चिनी हॉटेल आठवलं. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि यांच्या साहेबांनी आम्हा दोघांना तिथे जेवायला बोलावलं होतं. माझा गुरुवारचा उपास होता. "तू नुसती बसजो, मी सांगतो साहेबाले," असं हे सक्करदऱ्याच्या घरून निघताना म्हणाले होते, म्हणून मी निर्धास्त होते. आत लाल कागदी कंदील होते, थंडगार अंधार होता आणि टेबलावर व्हिनेगरमध्ये बुडालेल्या मिरच्यांची वाटी. साहेबांनी माझ्यासमोरही वाईनचा ग्लास ठेवला. माझा उपास आहे, असं मीच सांगितलं. साहेब हसले. "वहिनी, द्राक्षांचीच आहे ही. द्राक्षं चालतात ना उपासाला?" आता तरी हे बोलतील म्हणून मी यांच्याकडे पाहिलं. पण हे साहेबांपेक्षाही मोठ्यानं हसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घे न वं, साहेब एवढं म्हणून राहिले तर." तो तुरट घोट माझ्या घशाखाली उतरेपर्यंत दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. परतताना सायकलरिक्षात हे भलतेच खुशीत होते. पुढच्या गुरुवारी सकाळी मी यांच्यासमोर बसून बशीभर पोहे खाल्ले, आणि उपास सुटला तो कायमचाच. काहून सोडला, हे यांनी मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.