मोडीच्या ओळी आणि टीव्हीच्या कडा

माझे सासरे, आमचे बाबा, मोडी वाचतात. त्यांच्या आजोबांच्या वेळचे, बडोद्याच्या दरबारी कारभाराचे कागद आमच्याकडे आहेत. ते सगळे स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवले आहेत आणि रोज सकाळी दोन तास बाबा ते देवनागरीत उतरवतात. या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लॅपटॉपवर पान मोठं केलं की ओळीचा तुकडाच दिसे, आणि मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे तुकड्यावरून काही लागत नाही.

बुधवारी जेवताना ते म्हणाले, "फतेगंजच्या बाईंना फोन केलाय. रविवारी येऊन पेनड्राइव्ह नेतील. पुढचं त्या बघतील."

या बाई इथे बडोद्यातच फतेगंजला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, बाबांकडेच मोडी शिकलेल्या. काम चांगल्या हातात जाणार होतं, पण ताट अर्धं टाकून बाबा उठले. लॅपटॉप टीव्हीला जोडून बघायचं ठरवून मी नोंदींची वही काढली. दिवाणखान्यात मोठा टीव्ही होता आणि रविवारपर्यंत वेळ होता.

एचडीएमआय केबल समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती शेजाऱ्यांकडून आणली. त्यांनी सोबत सल्लाही दिला, "भाभी, टीवी ते टीवी. मॉनिटर लई लो ने!"

"मॉनिटर विकत घेण्याआधी आहे ते चालतंय का बघू द्या, भाई."

चित्र लगेच आलं, पण चारही बाजूंनी कापलेलं. प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं पडद्याबाहेर. बाबा पाच मिनिटांत उठले. "मुंडकी उडवलेल्या ओळी मी काय वाचू?"

माझा नियम साधा आहे: एका वेळी एकच बदल आणि लगेच नोंद. लॅपटॉपचं रेझोल्यूशन टीव्हीच्या बरोबरीचं केलं, फरक नाही. दुसरी केबल लावली, नाही. टीव्हीला मागे दुसरं पोर्ट होतं, त्यात लावून पाहिली, तरीही नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी वही पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की माझ्या यादीत टीव्हीच्या सेटिंगची एकही ओळ नव्हती. तो आपला नीट चालतोय, असं मी धरूनच चालले होते.

रिमोटवर चित्राचा आकार उघडला तर तिथे 'झूम'. तो कुणी ठेवला हेही आठवलं. जेवताना बातम्यांची खालची धावती पट्टी वाचत बाबांचा घास हातातच राहायचा, म्हणून ती पट्टी दिसेनाशी होईल इतकं चित्र मीच मोठं केलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात सगळं जग कडा कापून दिसत होतं आणि कुणाची तक्रार नव्हती!

'स्क्रीन फिट' केलं. पान कडेपासून कडेपर्यंत आलं. त्या आनंदात मी माझाच नियम मोडला आणि त्याच मेन्यूत शार्पनेस शेवटपर्यंत वाढवला. जास्त म्हणजे चांगलंच असणार.

बाबा आले, खुर्चीत बसले, पुढे वाकले. "ही गाठ कुठली? मोडीत असं अक्षर नाही."

"कागदावरच असेल, बाबा."

"अगं, लिहिणाऱ्याने रेघ एकदाच ओढली आहे. तुझा टीव्ही तिच्या बाजूला दुसरी ओढतोय."

शार्पनेस शून्यावर आणला. प्रत्येक अक्षराभोवतीची पांढरी किनार गेली. मग इनपुटला 'पीसी' नाव दिलं, त्यासरशी टीव्हीने स्वतःची उरलीसुरली सजावटही थांबवली. शाई कागदावर बसावी तशी अक्षरं बसली. बाबांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. पाचव्या ओळीला मी चहा ठेवायला गेले, कारण त्यांना मी तिथे असल्याचं भान नव्हतं.

रविवारी बाई आल्या.

"पेनड्राइव्ह राहू दे," बाबा म्हणाले. "बसा. तिसरी ओळ वाचा."

त्यांनी वाचली.

"चूक."

"सर, तुम्हाला तेवढ्या लांबून दिसतंय?"

"तुमच्यापेक्षा बरं दिसतंय. परत वाचा."

बाईंनी हसत चष्मा पुसला आणि परत वाचली. त्या दोन तासांनी निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पुढच्या रविवारसाठी एका पानाचा गृहपाठ होता, आणि बाबा लिफ्टपर्यंत मागोमाग जाऊन बजावत होते, "अंदाजाने नाही हं, अक्षर बघून वाचायचं."