करीमचाचांना फ्रेंच निरोप

मित्रांनो, दुपारपासून मलाच माझी लाज वाटून राहिली.

आज आमच्या हदगावच्या कॉलेजात शिपाई करीमचाचांचा निरोप समारंभ होता. मी इंग्रजी शिकवते, म्हणून फळा माझ्याकडे. नव्या प्राचार्यांवर छाप पडावी म्हणून मी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अ‍ॅड्यू, करीमचाचा!' भाषणातही मिरवलं की, हा मूळचा फ्रेंच शब्द. इंग्रजीत थाटात निरोप द्यायला वापरतात, तोही पुन्हा भेट व्हायची नसते तेव्हा.

हार घालून बसलेले चाचा हळूच म्हणाले, "म्हंजी मी आता इकडं यायचंच न्हाई का, मॅडम?"

सगळे हसले. मीही हसले.

निघताना दारात वळून ते रोजच्यासारखं म्हणाले, "येतो, मॅडम." आपल्याकडं जाणारा 'येतो' म्हणतो आणि राहणारा 'या' म्हणतो, हे मला कुणी शिकवायला पाहिजे का? पण मी फळ्याचा फोटो काढण्यात गुंग होते. मान वर केली तोवर दार रिकामं होतं.

उद्या सकाळी त्यांच्या घरी जाणार हाय. राहून गेलेलं 'या' दुसऱ्या दिवशी म्हणलं तर चालतं का हो?